टर्मिनलवर पट्टी निघते, ब्राउझरमधून कोरे पान येते

सांगलीच्या मार्केट यार्डात नव्या हळदीचे सौदे जोरात आले की अडत दुकानांचे संगणक सांभाळणाऱ्यांचे फोन वाजायला लागतात, आणि तक्रार बहुतेक वेळा तीच असते. दिवाणजींनी वेब पानावर ‘पट्टी काढा’ (पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या विक्रीचा हिशेब) हे बटण दाबले, पान जरा वेळ फिरले आणि समोर कोरे पान आले. एररचा मेसेज नाही, पीडीएफही नाही. सर्व्हरवर लॉगिन करून, पीएचपीचे ते पान मागे जी पायथॉनची स्क्रिप्ट चालवते तीच टर्मिनलवर हाताने चालवली तर पट्टी लगेच तयार होते: पोती, वजन, भाव, हमाली, तोलाई, निव्वळ रक्कम, सगळे जागच्या जागी. तोवर जतहून किंवा सीमेपलीकडून माल घेऊन आलेला शेतकरी काउंटरपाशी ताटकळत असतो. त्याच्या वर्षभराच्या कष्टाचा हिशेब त्या कागदावर असतो, म्हणून हा प्रश्न किरकोळ समजू नये.

ही तक्रार दर हंगामात परत का येते, त्याचे कारण साधे आहे. मधल्या शांत महिन्यांत कोणीतरी सर्व्हर अपडेट करते, नवीन मशीन घेते किंवा पीएचपीची आवृत्ती बदलते. सगळे ठीक दिसते, कारण तपासणी टर्मिनलवरून होते. वेब पानावरून खरी पट्टी पहिल्यांदा निघते ती सौद्याच्या दिवशीच.

पुढे लिहिलेले पीएचपी आणि लिनक्स धरून लिहिले आहे, कारण आपल्याकडच्या दुकानांत तेच जास्त आहे. विंडोजवर झॅम्प (अपाचे आणि पीएचपी एकत्र देणारा संच) वापरणाऱ्यांसाठी मराठी नावांच्या भागात काही ओळी आहेत. आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरे आणि इंग्रजी आकडे वापरा.

आधी हे डोक्यात पक्के करा की टर्मिनलवर स्क्रिप्ट तुम्ही चालवता आणि ब्राउझरमधून ती वेब सर्व्हरचा युजर चालवतो. उबंटू आणि डेबियनवर त्याचे नाव ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’, रेड हॅटच्या घराण्यात ‘अपाचे’. त्याचे होम फोल्डर वेगळे, परवानग्या वेगळ्या, पाथ (प्रोग्राम कुठे शोधायचे त्याची यादी) वेगळा, भाषेची सेटिंग वेगळी. त्यामुळे ‘माझ्याकडे चालते’ या वाक्यातून स्क्रिप्टचे लॉजिक बरोबर आहे एवढेच कळते. पीएचपीचा कोड उलटापालटा करण्यात वेळ घालवू नका. त्या युजरला काय दिसते ते आधी बघा.

सर्व्हर काय म्हणतो ते आधी ऐका

बहुतेक दुकानांच्या कोडमध्ये मला शेल_एक्झेक हे फंक्शन दिसते आणि त्याचा परिणाम थेट पानावर छापलेला असतो. अडचण इथूनच सुरू होते. शेल_एक्झेक आज्ञा चालवते, पण फक्त स्टँडर्ड आउटपुट, म्हणजे तिने नेहमीच्या प्रवाहावर छापलेले, परत देते. स्क्रिप्ट मध्येच कोसळली तर पायथॉन आपली तक्रार स्टँडर्ड एररवर, म्हणजे चुकांसाठीच्या वेगळ्या प्रवाहावर, लिहितो, आणि ती तुमच्या व्हेरिएबलमध्ये येतच नाही. भरीस भर म्हणजे आज्ञा फसली तरी हे फंक्शन ‘नल’ देते आणि आज्ञा नीट चालून तिने काहीच छापले नाही तरी ‘नल’च देते. त्यावरून निदान करताच येत नाही.

म्हणून एक्झेक वापरा. त्याला तीन गोष्टी देता येतात: आज्ञा, आउटपुटच्या ओळी साठवायचा अ‍ॅरे आणि एक्झिट कोड (आज्ञा संपताना देते तो आकडा) ठेवायचे व्हेरिएबल. आज्ञेच्या शेवटी ‘२>&१’ जोडा, म्हणजे एररचा प्रवाहही त्याच अ‍ॅरेत येईल.

एक्झेक($आज्ञा . ' २>&१', $ओळी, $कोड);

आता $ओळी आणि $कोड दोन्ही एखाद्या लॉग फाइलमध्ये लिहा. पानावर दाखवू नका, दिवाणजींना त्याचा उपयोग नाही आणि बाहेरच्या माणसाला तो दिसायलाही नको. तोच अ‍ॅरे दुसऱ्या आज्ञेसाठी पुन्हा वापरलात तर एक्झेक नव्या ओळी जुन्यांच्या खाली जोडते, म्हणून आधी अ‍ॅरे रिकामा करा.

‘२>&१’ निदानापुरते ठेवा. स्क्रिप्टने जेसन (डेटा मांडण्याचा ठरावीक साचा) परत द्यायचे असेल आणि एखाद्या लायब्ररीने मध्येच ‘हे फंक्शन लवकरच बंद होणार’ अशी सूचना छापली, तर ती जेसनमध्ये मिसळते आणि पान पुन्हा कोरे. कायमसाठी एररचा प्रवाह वेगळ्या फाइलकडे वळवा.

‘पण आधी तर हे एरर अपाचेच्या लॉगमध्ये दिसायचे’ असे काही जण सांगतात, आणि ते खरे आहे. मॉड_पीएचपी, म्हणजे अपाचे या वेब सर्व्हरच्या आतच चालणारे पीएचपी, असताना स्क्रिप्टचा एरर प्रवाह अपाचेच्या एरर लॉगमध्ये जाऊन पडायचा. पीएचपी-एफपीएमवर, म्हणजे वेगळी सर्व्हिस म्हणून चालणाऱ्या पीएचपीवर, गेलात की तसे होत नाही. पूलच्या सेटिंगमध्ये ‘कॅच_वर्कर्स_आउटपुट’ चालू केले नसेल तर वर्करने (पीएचपी चालवणाऱ्या प्रोसेसने) एरर प्रवाहावर लिहिलेले थेट डेव्ह-नलमध्ये जाते, म्हणजे फेकले जाते. सर्व्हर बदलल्यावर एरर ‘नाहीसे’ होण्यामागे अनेकदा हेच असते.

एक्झिट कोडकडे लोक बघत नाहीत, आणि तिथेच अर्धे उत्तर असते. ० म्हणजे स्क्रिप्टच्या मते काम झाले. १ म्हणजे पायथॉन सुरू झाला आणि आत काहीतरी फसले. सविस्तर कारण एररच्या ओळींत सापडेल. १२६ म्हणजे फाइल सापडली पण ती चालवण्याची परवानगी नाही. १२७ म्हणजे आज्ञाच सापडली नाही. १२८ च्या वरचे बरेच आकडे सिग्नलने मारल्याचे सांगतात: १३७ मधून १२८ वजा केले की ९ उरतात, म्हणजे प्रोसेस बळजबरीने मारली गेली, आणि लहान व्हीपीएसवर (भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर) त्याचे नेहमीचे कारण मेमरी संपणे हे असते. कर्नलच्या लॉगमध्ये तशी नोंद मिळते.

१२७ आला आणि फाइल तर डोळ्यांसमोर आहे, असे झाले तर स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीचा शेवट तपासा; कोणता प्रोग्राम वापरायचा ते त्या ओळीत लिहिलेले असते. कोणीतरी ती स्क्रिप्ट विंडोजवर उघडून सेव्ह केलेली असते, ओळींच्या शेवटी कॅरेज रिटर्न बसलेला असतो, आणि लिनक्स ‘पायथॉन३’ ऐवजी शेवटी अदृश्य अक्षर असलेला प्रोग्राम शोधत राहतो. डॉस२युनिक्स चालवा, प्रश्न मिटतो.

त्या युजरच्या जागी उभे राहा

ब्राउझर रिफ्रेश करत बसण्यापेक्षा ही एक आज्ञा जास्त सांगते:

सुडो -यू डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा एन्व्ह -आय /ऑप्ट/पट्टी/व्हेन्व्ह/बिन/पायथॉन /ऑप्ट/पट्टी/पट्टी.पीवाय

‘सुडो -यू’ मुळे स्क्रिप्ट वेब सर्व्हरच्या युजरने चालते आणि ‘एन्व्ह -आय’ मुळे तुमच्या लॉगिनमधले सगळे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल गळून पडतात. पीएचपी-एफपीएम मुळातच आपल्या वर्करचे एन्व्हायर्नमेंट साफ करून ठेवतो, त्यामुळे ही नक्कल खऱ्या परिस्थितीच्या बरीच जवळ जाते. आज्ञा देण्याआधी ‘सीडी /’ करून मुळाशी जा, म्हणजे ‘./डेटा/दर.सीएसव्ही’ असे सापेक्ष पाथ कुठे दडले असतील तर तेही उघडे पडतील. ‘एसयू’ने (युजर बदलण्याच्या आज्ञेने) त्या युजरवर जायचा प्रयत्न केलात तर खाते उपलब्ध नाही असे उत्तर येईल, कारण त्याला लॉगिन शेल (आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम) दिलेला नसतो. तो तसाच राहू द्या.

इथे सर्वात जास्त वेळा दिसणारा एरर म्हणजे ‘मॉड्यूल नॉट फाउंड’. तुम्ही टर्मिनलवर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (व्हेन्व्ह, म्हणजे आपल्या लायब्ररींसह वेगळा ठेवलेला पायथॉन) चालू करून काम करता, तर पीएचपीमध्ये नुसते ‘पायथॉन३’ लिहिलेले असते. सर्व्हर मग सिस्टिमचा पायथॉन उचलतो आणि त्यात तुमच्या लायब्ररी नसतात. ‘पिप --युजर’ने टाकलेल्या लायब्ररीही तुमच्याच होम फोल्डरमध्ये राहतात. डेबियन १२ पासून तर सिस्टिमच्या पायथॉनमध्ये पिप सरळ काही टाकूच देत नाही, त्यामुळे व्हेन्व्ह करणे आणि त्यातल्या पायथॉनचा पूर्ण पाथ लिहिणे हाच नीट मार्ग आहे. ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करण्याची गरज नाही. त्या फोल्डरमधला पायथॉन आपल्या लायब्ररी स्वतः ओळखतो.

दुसरा नेहमीचा पाहुणा ‘परमिशन डिनाइड’. उबंटू २१.०४ पासून नव्याने तयार होणारी होम फोल्डरे इतर युजरना बंद असतात. जुन्या मशीनवर तुमच्या होममध्ये ठेवलेली स्क्रिप्ट वर्षानुवर्षे चालली आणि नव्या मशीनवर तीच, त्याच परवानग्यांची स्क्रिप्ट चालत नाही, याचे हे कारण. फाइलची परवानगी बरोबर असली तरी वरच्या प्रत्येक फोल्डरमधून आत जाण्याची मुभा लागते. ‘नेमआय -एल’ला पूर्ण पाथ दिलात की मुळापासून प्रत्येक पायरीची परवानगी एकाखाली एक दिसते. स्क्रिप्ट होममधून काढून ‘/ऑप्ट’ खाली हलवा.

‘सीएचमॉड ७७७’ (सगळ्यांना सगळ्या परवानग्या) करू नका, आणि वेब सर्व्हरच्या युजरला विनापासवर्ड पूर्ण सुडो (प्रशासकाचे अधिकार) तर कधीच देऊ नका. यूट्यूबवर हे दोन्ही उपाय भरपूर मिळतात आणि त्याने पट्टी निघतेही. पण मग ज्याला वेब पानात शिरता येईल, तो पूर्ण मशीनचा मालक होतो. त्या मशीनवर शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक असतात.

रेड हॅटच्या घराण्यात परवानग्या बरोबर असूनही नकार येत असेल तर एसईलिनक्सचा (परवानग्यांच्या वर बसवलेल्या सुरक्षा पहाऱ्याचा) ऑडिट लॉग बघा. आणि स्क्रिप्ट ‘/टेम्प’मध्ये पीडीएफ बनवते, एक्झिट कोड ० येतो, पण तुम्हाला तिथे फाइलच दिसत नाही, असे असेल तर सिस्टिमडीच्या (सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या प्रोग्रामच्या) सर्व्हिस फाइलमध्ये ‘प्रायव्हेटटेम्प’ चालू आहे का पाहा. अपाचेला तेव्हा स्वतःचे वेगळे ‘/टेम्प’ मिळते. शेअर्ड होस्टिंगवर असाल तर बऱ्याचदा एक्झेक आणि त्याची भावंडे ‘डिसेबल_फंक्शन्स’मध्ये टाकून बंद केलेली असतात. पीएचपी ८ वर तेव्हा ‘असे फंक्शनच नाही’ असा एरर येतो. त्यावर होस्टिंगवाल्याशी बोलणे किंवा जागा बदलणे हाच उपाय.

मराठी नावे गळतात तेव्हा

हा भाग मला सर्वात महत्त्वाचा वाटतो, कारण इंग्रजीत डेटा भरणाऱ्यांना तो कधी भेटतच नाही आणि त्यामुळे त्यावर लिहिलेलेही कमी सापडते. पट्टी निघते, रक्कमही बरोबर असते, पण शेतकऱ्याच्या नावाची जागा रिकामी. किंवा गावाचे नाव गायब. असा कागद शेतकऱ्याच्या हातात देणे योग्य नाही; उद्या बँकेत किंवा सोसायटीत तो दाखवायची वेळ आली तर त्यावर त्याचे नावच नाही.

गळती दोन ठिकाणी होते. पहिली पीएचपीत. आज्ञेत नाव घालताना ते सुरक्षित अवतरणात बांधायला तुम्ही एस्केपशेलआर्ग वापरता, आणि ते बरोबरच आहे. पण हे फंक्शन अक्षरे ओळखण्यासाठी चालू लोकेल (भाषा आणि अक्षरांची सेटिंग) बघते. लोकेल ‘सी’, म्हणजे नुसत्या इंग्रजीपुरते, असेल तर देवनागरीचे बाइट्स त्याला अवैध वाटतात आणि ते गुपचूप काढून टाकते. एरर नाही, इशारा नाही. आज्ञा तयार करण्याआधी सेटलोकेलने एलसी_सीटाइप हा विभाग यूटीएफ-८ च्या एखाद्या लोकेलवर ठेवा, ‘सी.यूटीएफ-८’ उबंटू आणि डेबियनवर उपलब्ध असते. सेटलोकेलने ‘फॉल्स’ परत दिले तर ते लोकेल मशीनवर नाही असे समजा, म्हणून त्याचा परिणाम तपासा.

दुसरी गळती पायथॉनमध्ये. पायथॉन ३.६ पर्यंत लोकेल ‘सी’ असताना मराठी मजकूर छापायला गेलात की ‘युनिकोड एन्कोड एरर’ येऊन स्क्रिप्ट थांबायची. ३.७ पासून अशा वेळी पायथॉन स्वतःच यूटीएफ-८ कडे वळतो. पण विंडोजवर ही अडचण पुढेही राहिली. तिथे कन्सोलवर छापताना मराठी व्यवस्थित दिसते. पण आउटपुट पाइपमधून दुसऱ्या प्रोग्रामकडे जाते तेव्हा पायथॉन विंडोजचे जुने कोड पेज वापरतो, आणि त्यात देवनागरी बसत नाही. झॅम्पवाल्यांच्या ‘सीएमडीमध्ये येते, पानावर येत नाही’ या तक्रारीचे मूळ हे आहे. ‘पायथॉनयूटीएफ८’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करून स्क्रिप्ट चालवा.

दोन्ही गळत्या एकदम टाळायच्या असतील, आणि मी तोच सल्ला देईन, तर नावे आज्ञेत घालूच नका. शेतकऱ्याचे नाव, गाव, लॉट नंबर, वजन, भाव हे सगळे जेसनमध्ये बांधा आणि प्रॉक_ओपन हे पीएचपीचे फंक्शन वापरून स्क्रिप्टच्या स्टँडर्ड इनपुटवर पाठवा. पायथॉनमध्ये ते इनपुट बाइट्स म्हणून वाचा आणि यूटीएफ-८ म्हणून उलगडा. मग लोकेल काहीही असो, ‘कुऱ्हाडे’ हे ‘कुऱ्हाडे’च राहतात.

सुरक्षेच्या दृष्टीनेही हेच बरे. पानावरच्या चौकटीत भरलेला मजकूर शेलच्या आज्ञेत जोडला की अर्धविरामानंतर लिहिलेले काहीही शेल दुसरी आज्ञा समजून चालवू शकतो. पीएचपी ७.४ पासून प्रॉक_ओपनला आज्ञा अ‍ॅरेच्या रूपात देता येते आणि मध्ये शेल येतच नाही. बाहेरचा मजकूर शेलपर्यंत पोहोचला तर काय होते ते सप्टेंबर २०१४ मध्ये शेलशॉकच्या वेळी जगाने पाहिले: वेब विनंतीच्या हेडरमधला मजकूर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बनून बॅश या शेलपर्यंत गेला आणि बॅशने त्यातला पुढचा भाग आज्ञा म्हणून चालवला.

नाव पीडीएफपर्यंत पोहोचले, पण तिथे अक्षरांऐवजी चौकोन दिसतात? मग फॉन्ट बघा. तुम्ही मराठी फॉन्ट तुमच्या होममधल्या ‘.लोकल/शेअर/फॉन्ट्स’मध्ये टाकलेला असतो आणि वेब सर्व्हरचा युजर तिथे डोकावू शकत नाही. नोटो किंवा लोहितचा देवनागरी फॉन्ट ‘/युएसआर/लोकल/शेअर/फॉन्ट्स’मध्ये ठेवा आणि ‘एफसी-कॅश -एफ’ चालवा.

पीडीएफसाठी लिब्रेऑफिस हेडलेस (खिडकी न उघडता) वापरत असाल तर आणखी एक अडथळा आहे. त्याला स्वतःचे प्रोफाइल लिहायला जागा लागते आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच्या होममध्ये, म्हणजे ‘/व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’मध्ये, त्या युजरला सहसा लिहिता येत नाही. ‘युजर इन्स्टॉलेशन’ पूर्ण झाले नाही असा संदेश एररच्या ओळींत दिसला तर हेच समजा. आज्ञेत ‘-एन्व्ह:युजरइन्स्टॉलेशन’ देऊन प्रत्येक विनंतीसाठी वेगळे तात्पुरते फोल्डर नेमून द्या. वेगळे यासाठी की दोन काउंटरवरून एकाच क्षणी पट्टी मागितली गेली आणि दोन्ही लिब्रेऑफिस एकाच प्रोफाइलवर बसले, तर दुसऱ्याचे काम होतच नाही. तात्पुरत्या फाइलींनाही हाच नियम: ‘पट्टी.पीडीएफ’ असे ठरलेले नाव ठेवलेत तर एका शेतकऱ्याची पट्टी दुसऱ्याच्या हातात पडेल. ती चूक कोऱ्या पानापेक्षा कितीतरी वाईट.

पान फिरत राहते आणि शेवटी ५०४ येतो

एका पट्टीला वेळ लागत नाही. अडकते ते दिवसभराच्या सौद्यांचा गोषवारा काढताना. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर पीएचपी-एफपीएमकडून उत्तराची वाट मुळात ६० सेकंद बघतो आणि मग ५०४ (वेळ संपल्याचा एरर) देऊन मोकळा होतो. पीएचपीचा ‘मॅक्स_एक्झिक्युशन_टाइम’ वाढवून इथे काही होत नाही, कारण लिनक्सवर बाहेरच्या प्रोग्रामने घेतलेला वेळ त्यात धरलाच जात नाही.

मात्र वेळ वाढवण्याआधी स्क्रिप्ट खरेच काम करते आहे की अडकली आहे ते ठरवा. प्रॉक_ओपनमध्ये दोन्ही प्रवाहांना पाइप लावले आणि आधी आउटपुट शेवटपर्यंत वाचून मग एरर वाचायचे असे लिहिले, तर मोठ्या कामात दोघे एकमेकांची वाट बघत बसतात. लिनक्सवर पाइपमध्ये साधारण ६४ किलोबाइट मावतात. एररचा पाइप भरला की स्क्रिप्ट लिहिता लिहिता थांबते, आणि पीएचपी दुसऱ्या पाइपच्या शेवटाची वाट बघत राहतो. थोडा डेटा असताना हे कधीच दिसत नाही, सौदे वाढले की दिसते. एररचा प्रवाह सरळ फाइलकडे वळवलात तर हा पेच उरत नाही. पीएचपीऐवजी फ्लास्क किंवा जँगो या पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कमधून चालवणाऱ्यांनी सबप्रोसेस.रन ‘कॅप्चर_आउटपुट’सह वापरावे, ते दोन्ही पाइप एकत्र वाचते, आणि ‘टाइमआउट’ न चुकता द्यावा.

लॉगमध्ये अर्धवट आउटपुटही येत नाही अशी तक्रार असेल तर पायथॉनला ‘-यू’ द्या. टर्मिनलवर तो ओळीगणिक छापतो, पाइपवर मात्र साठवून एकदम सोडतो, आणि मध्येच मारला गेला तर साठलेले सगळे त्याच्याबरोबर जाते.

काम खरोखरच लांबचे असेल तर ते वेब विनंतीत ठेवू नका. विनंतीने डेटाबेसच्या एका टेबलात नोंद करावी, सिस्टिमडीची वेगळी सर्व्हिस ती उचलून काम करेल, आणि पान दर काही सेकंदांनी ‘तयार झाले का’ एवढेच विचारेल. एक्झेकच्या शेवटी नुसते ‘&’ लावून सुटका होत नाही; आउटपुट आणि एरर दोन्ही दुसरीकडे वळवले नाहीत तर पीएचपी तरीही थांबून राहतो.

आता पुढच्या हंगामासाठी एक काम करून ठेवा. चाचणीची एक खोटी पट्टी तयार करा: नावात ‘ऱ्ह’ आणि ‘ज्ञ’ असू द्या, गावाच्या नावात जोडाक्षर, भरपूर पोती. ती वेब पानावरूनच निघाली पाहिजे, टर्मिनलवरून नाही. सर्व्हरवर कोणतेही अपडेट केले की लगेच ती काढा, एक्झिट कोड आणि एररची फाइल बघा, आणि पीडीएफ उघडून नाव वाचा. सर्व्हर दुसऱ्या कोणाच्या हाती सोपवणार असाल तर या चाचणीचा पत्ता आणि लॉग फाइलचा पूर्ण पाथ एका कागदावर लिहून दिवाणजींच्या गल्ल्यापाशी चिकटवून ठेवा.